‘पुण्याबाहेरील’ नावाचा रकाना

मी इस्पितळात नोकरीला होते असं सांगितलं, की समोरचा माणूस लगेच आपलं दुखणं काढतो. एका गृहस्थांनी तर लग्नाच्या पंगतीत, माझ्या पानात जिलबी पडत असताना, जीभ बाहेर काढून दाखवली होती. मग सांगावं लागतं की अहो, मी डॉक्टर नाही, नर्सही नाही, मी रेकॉर्ड विभागात होते. त्यावर त्यांचा चेहरा असा होतो की मी त्यांना फसवलंच. “म्हणजे फायली लावायच्या?” हो. एकतीस वर्षं फायलीच लावल्या.

इस्पितळाचं नाव सांगत नाही. नारायण पेठेतल्या माझ्या घरापासून चालत जाता येत होतं, एवढं पुरे. आमचा विभाग तळघरात. रुग्ण बरा होऊन घरी गेला, किंवा कायमचा गेला, की त्याचा केसपेपर खाली आमच्याकडे यायचा. डॉक्टरांनी त्यावर जे काही खरडलेलं असेल ते वाचायचं, त्या आजाराचा ठरलेला आकडा समासात घालायचा, आणि मग दोन कार्डांवर नोंद करायची. एक कार्ड आजाराचं, दुसरं वस्तीचं. शिवाय रोज सकाळी आदल्या दिवशी भरती झालेल्यांची यादी यायची. या सगळ्यावरून मी दर शुक्रवारी एक मोठा तक्ता करायची. आडव्या ओळींत आजार, उभ्या रकान्यांत पेठा आणि उपनगरं, आणि सगळ्यात शेवटी ‘पुण्याबाहेरील’ असा एक रकाना. तो तक्ता अधीक्षकांकडे जायचा. कुठे टायफॉइड वाढतोय, कुठे हगवण, हे वरच्या मजल्यावर त्यातूनच कळायचं. त्यांना शहर दिसायचं ते माझ्या निळ्या शाईतलं, आणि मला त्याचा गर्व होता हे कबूल करते. पुढे सांगते त्या उन्हाळ्यापर्यंत, चौदा वर्षांत माझ्या तक्त्यात खाडाखोड झाली नव्हती.

पण ज्या पत्त्यांवर हा तक्ता उभा असायचा, ते पत्ते म्हणजे एक प्रकरणच होतं. एक आजोबा दम्यासाठी वर्षातून तीनदा भरती व्हायचे आणि दर वेळी नारायण पेठेतला पत्ता द्यायचे. मी त्याच पेठेतली, मला त्यांचं घर कधी दिसलं नाही. एकदा विचारलंच. तर म्हणाले, “बाई, मी कर्वेनगरला राहतो. बारा वर्षं झाली. राहतो तिकडे, पत्ता इथला आहे.” एका बाईंनी यजमानांचा पत्ता सांगताना ‘येरवडा’ म्हटलं आणि पुढे गप्प राहिल्या. मीही पुढचं विचारलं नाही, नुसतं येरवडा लिहिलं. माणूस स्वतःला जिथला समजतो तो पत्ता सांगतो, किंवा जिथला आहे तो लपवतो. हे मला कळत होतं, तरी तक्ता मात्र मी देवाच्या पूजेसारखा करायची.

कंप्युटर येण्याच्या आधीचा एक उन्हाळा. मे महिना होता. त्या वर्षी पाणी फार लवकर आटलं होतं आणि शहराच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये टँकर सुरू झाले होते. कावीळ दर उन्हाळ्यात चार-सहा असायचीच. आपल्याकडे कावीळ झाली की माणूस आधी कुणीतरी सांगितलेल्या मुळीच्या मागे लागतो, इस्पितळात येतच नाही. पण गरोदर बाईला कावीळ झाली तर घरचे घाबरतात आणि आणतात, आणि घाबरण्यासारखंच असतं ते. शेवटच्या महिन्यांत ही कावीळ बघता बघता मेंदूवर जाते. त्या मे महिन्यात पंधरा दिवसांत प्रसूती विभागात अशा चार मुली आल्या. चौघींचे पत्ते चार गावचे: बार्शी, मिरज, नगर आणि लोणंद. माझ्या तक्त्यात चौघीही ‘पुण्याबाहेरील’ रकान्यात शिस्तीत बसल्या.

वर त्याचा अर्थही लगेच लागला. लग्नसराई आहे, गावोगावच्या जेवणावळी, उसाचा रस, बर्फाचे गोळे. “बाहेरून येताना घेऊन येतात,” असं अधीक्षकांनी बैठकीत सांगितल्याचं आमचे विभागप्रमुख परांजपे साहेब खाली येऊन सांगत होते. मलाही ते पटलं. चार दिशांची चार गावं, त्यांत समान असं काय असणार? शिवाय ती माहिती मीच पुरवलेली होती.

आमच्या विभागात कागद शोधून काढण्याचं काम रशीदभाई करत. मूळचे भवानी पेठेतले, घर अपुरं पडायला लागल्यावर कर्वेनगरच्या एका नव्या सोसायटीत दोन खोल्या घेऊन राहायला गेलेले. दहा वर्षांपूर्वीचा पेपर मागा, चष्मा कपाळावर सरकवून सरळ त्या फळीकडे जायचे. त्यांची एकुलती एक मुलगी शबाना साताऱ्याला दिलेली. होळीच्या आसपास ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला सातवा लागला तेव्हा मी ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन गेले होते. तिच्या आईने आग्रह करकरून मला दोन ग्लास सरबत पाजलं होतं.

त्या मंगळवारी रशीदभाई आलेच नाहीत. सकाळची भरतीची यादी माझ्यासमोर आली आणि मी रोजच्यासारखी तक्त्याच्या कच्च्या कागदावर रेघा मारत गेले. नाव शबाना, वय बावीस, आठवा महिना, कावीळ, पत्ता सातारा. माझ्या हाताने ‘पुण्याबाहेरील’ रकान्यात रेघ मारली. मारून झाल्यावर मी नाव वाचलं.

आधी आली ती तिची काळजी. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं ते वेगळंच. ही मुलगी साताऱ्याची कुठली? ही दोन महिने कर्वेनगरला आहे. आणि ही कावीळ अंगात शिरल्यापासून दिसायला तीन-चार आठवडे तरी जातात. म्हणजे जे काही झालं ते इथेच झालं. मग बाकीच्या चौघी? त्याही गरोदर. त्याही पुण्याच्या इस्पितळात. बार्शीची सून सातव्या-आठव्या महिन्यात पुण्याला कशाला येईल? बाळंतपणाला माहेरी आली म्हणूनच ना!

आमच्याकडे नियमच तसा होता. लग्न झालेली बाई असेल तर नवऱ्याचं नाव आणि नवऱ्याचा पत्ता. माहेरचा पत्ता लिहायला छापील केसपेपरवर जागाच नव्हती. त्या नियमाने मी स्वतः माझ्या दोन्ही बाळंतपणांत माहेरी सांगलीला राहून पुण्याचा पत्ता लिहिला होता. इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. लेक बाळंतपणाला माहेरी येते हे आम्हाला इतकं ठाऊक होतं की ते कागदावर घ्यायचं असतं हे सुचलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता वर प्रसूती विभागात गेले. दाराशीच रशीदभाई उभे होते. दाढी वाढलेली, टोपी हातात.

“बाई, पोरगी पिवळीधमक झाली हो. काल दुपारपर्यंत बरी होती, आईबरोबर शेवया करत बसली होती. आता मला ओळखते, पण उशिराने ओळखते.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“दातार मॅडम म्हणाल्या, तीन दिवस काही सांगता येणार नाही.”

मी त्यांना घरी पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मॅडमनीही तेच सांगितलंय. का, ते मी सांगितलं नाही. आधीच्या चौघींपैकी दोघी अजून वॉर्डात होत्या. बार्शीच्या मुलीच्या उशाशी तिची आई बसली होती.

“काकू, तुम्ही कुठल्या?”

“आम्ही कर्वेनगरच्या. का हो? पेपरवर काही राहिलं का?”

मिरजेच्या मुलीची आई म्हणाली, “कर्वेनगरच. यांच्याच मागच्या गल्लीत राहतो. इथे आल्यावर ओळख झाली बघा.” दोघी एकमेकींकडे बघून कसनुशा हसल्या. लोणंदची आणि नगरची, दोघींना घरी सोडलं होतं. त्यांची माहेरं कळायला मार्ग नव्हता. पण पाचांतल्या तीन एका वस्तीतल्या. मंगळवारी दुपारी दीड वाजता मला हे माहीत होतं.

आता पुढचे तीन दिवस मी काय केलं ते सांगायचं आहे. हा लेख लिहायला बसल्यापासून मी इथवर येऊन चार वेळा थांबले आहे.

मी खाली आले आणि परांजपे साहेबांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. “लिमयेबाई, तुम्ही डॉक्टर कधी झालात? पेढे नाही दिलेत.” शेजारच्या टेबलावरची दोघं हसली. मग जरा मऊ होऊन म्हणाले, “हे बघा, साथ आहे असं आपण म्हणायचं नसतं. ते वरच्यांचं काम. तुम्हाला वाटतंय ना, मग व्यवस्थित टिपणी लिहा, पाचही पत्ते पडताळून घ्या, आणि शुक्रवारच्या तक्त्याबरोबर पाठवू. अर्धवट काही वर गेलं तर हसं आपल्या विभागाचं होतं.”

त्यांच्यावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण प्रसूती विभाग माझ्या खुर्चीपासून दोन जिने वर होता आणि दातार मॅडम त्या वेळी तिथेच होत्या. मी गेले नाही. एक तर पेढ्यांचं बोलणं झोंबलं होतं. दुसरं असं की हे खरं असेल, तर माझे चौदा वर्षांचे तक्ते या एका रकान्यापुरते खोटे होते, आणि ते माझ्याच हाताने वर जाऊन सांगायचं होतं. तेव्हा पाचही पत्ते हातात आल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलं आणि त्याला काटेकोरपणा असं नाव दिलं.

बुधवारी मी घरी सोडलेल्या त्या दोन मुलींच्या पत्त्यांमागे होते. नगरच्या मुलीच्या पेपरवर कुणा शेजाऱ्यांचा फोन नंबर होता, तो लागेना. संध्याकाळी घरी गेल्यावर पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं. आमचे हे म्हणाले, “साथबिथ आहे का?” मी म्हटलं, “उन्हाळा आहे, उकळलेलं बरं.” नारायण पेठेत टँकर येत नव्हते. आमच्या पाण्याला काही झालं नव्हतं. तरी मी उकळलं. आणि जिथे झालं होतं तिथल्या कुणाला कळवावं असं वाटूनही मी ताट वाढायला घेतलं. गुरुवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. मी दिवसभर घरात कपाटं आवरली. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या.

शुक्रवारी सकाळी तळघरात आले तर रशीदभाई दोन फळ्यांच्या मधे जमिनीवर बसलेले. आयुष्यात कधी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं बघितलं नव्हतं. म्हणाले, “बाळ गेलं, बाई. पोटातच. शबाना डोळे उघडत नाही.” मी त्यांच्या शेजारी बसले असते तर परत उठले नसते. कच्चा कागद उचलला, परांजपे साहेब यायचे होते, त्यांची वाट बघितली नाही, आणि दोन जिने चढून दातार मॅडमसमोर उभी राहिले.

मॅडमनी माझं बोलणं अर्ध्यावर तोडलं. “माहेर,” एवढंच म्हणाल्या, कपाळावर हात मारला आणि वॉर्डात गेल्या. “पाणी कुठलं पिता?” तिन्ही आयांनी एकच उत्तर दिलं: टँकरचं. कुठून भरतो? नाल्याकडच्या एका खाजगी विहिरीवरून. हे विचारायला मॅडमना दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग त्या फोनवर बसल्या. दुपारी आरोग्य खात्याची माणसं विहिरीवर गेली, संध्याकाळी टँकरचं पाणी पिऊ नका म्हणून रिक्षातून भोंगा फिरला, शनिवारी सकाळी विहिरीला कुलूप लागलं.

फोनवर बोलताना मधेच मॅडमनी हात ठेवून मला विचारलं होतं, “तुमच्या हे कधी लक्षात आलं?”

“आज,” मी म्हटलं.

शबाना वाचली. पाचव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. रशीदभाई खाली येऊन माझ्या टेबलाशी ओक्साबोक्शी रडले. पुढे एका सभेत अधीक्षकांनी मला शाल आणि नारळ दिला. लक्षात आल्याआल्या त्याच दिवशी ज्यांनी हालचाल केली, अशा शब्दांत माझी ओळख करून दिली. परांजपे साहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्यांना खरं ठाऊक होतं, पण त्यांचंही तोंड तितकंच बंद होतं. केसपेपरच्या नव्या छपाईत नवऱ्याच्या पत्त्याखाली एक ओळ आली: ‘सध्याचा मुक्काम’. ती ओळ माझ्यामुळे आली आणि मला तिचा अभिमान आहे. या लेखात तेवढीच एक गोष्ट मी निर्धास्तपणे लिहू शकते.

पण विहीर बंद झाली म्हणून प्यायलेलं पाणी परत येत नाही. ज्या कुणी शुक्रवारपर्यंत ते पाणी प्याल्या असतील, त्यांचं दुखणं पाच-सहा आठवड्यांपर्यंत कधीही वर येणार होतं. वरचे लोक आता आकडे कमी होण्याची वाट बघत होते. मी यादीची वाट बघायची. रोज सकाळी शिपाई यादी टेबलावर ठेवायचा आणि मी आधी ती उलटी करून ठेवायची. मग गरोदर आणि कावीळ हे दोन शब्द एका ओळीत नाहीत ना, एवढंच बघत बोट खाली न्यायची. पहिल्या दोन आठवड्यांत तिघी आल्या, तिघी सुखरूप घरी गेल्या. त्या आधीच कधीतरी प्यालेल्या असणार असं मी मनाशी म्हणायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकही आली नाही. मी नीट जेवायला लागले.

पाचव्या आठवड्यात एक आली. वय चोवीस, नववा महिना, पत्ता कऱ्हाड. सध्याचा मुक्काम, कर्वेनगर. दोन दिवसांत गेली. बाळ राहिलं, मुलगा.

पंधराएक दिवसांनी तिचा नवरा केसपेपरची नक्कल मागायला तळघरात आला. शाळेत शिक्षक होता. अर्जावरचं अक्षर सुरेख. रशीदभाई पेपर काढायला गेले आणि तो माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलत होता.

“मीच तिला एस.टी.त बसवून दिलं,” म्हणाला. “तिला आणखी आठवडाभर थांबायचं होतं. मीच म्हटलं, उन्हं वाढतायत, लवकर जा. बुधवारी पोचली. आणि शनिवारी ती विहीर बंद केली म्हणतात. म्हणजे तिला तीनच दिवस मिळाले ते पाणी प्यायला.”

मी अर्जावर तारखेचा शिक्का मारला.

“एक विचारू का, बाई? तुम्हा लोकांना हे कळलं कधी?”

रशीदभाई पेपर घेऊन आले होते आणि माझ्या मागे उभे होते.

“शुक्रवारी,” मी म्हटलं.

त्याने बराच वेळ मान हलवली. “म्हणजे मी तिला पाठवलं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मग माझं तरी काय चुकलं?” त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी उसंत दिसली. नक्कल घडी करून खिशात ठेवली, मला नमस्कार केला आणि गेला.

मला माहीत होतं. मी मंगळवारीच बोलले असते तर ती उतरायच्या आत भोंगा फिरला असता. मी गप्प बसले ते हसं होऊ नये म्हणून, आणि त्याच्याशी खोटं बोलले ते त्याला बरं वाटावं म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. दुसरं अर्धच खरं आहे. तुझं काहीही चुकलं नव्हतं हे त्याला कळायला हवं होतं, आणि त्याबरोबर कुणाचं चुकलं हेही. त्याच्या अर्जावरचा पत्ता मी त्याच दिवशी उतरवून घेतला होता. तो मुलगा आता त्या वेळच्या बापाइतका झाला असेल. हा लेख छापलेल्या अंकाची पहिली प्रत हातात आली की ती त्या दोघांच्या नावाने कऱ्हाडला पाठवणार आहे, आणि पाकिटावर मागे माझा पत्ता लिहिणार आहे.